वर आलेला मासा: भुकेला की गुदमरलेला?

परसातल्या तळ्यात सकाळी मासे वर आलेले दिसले की पाहणाऱ्याला आनंद होतो आणि बहुतेकांचा हात आपोआप खाद्याच्या डब्याकडे किंवा गळाच्या काठीकडे जातो. थंड प्रदेशांत शरद, म्हणजे पानगळीचा ऋतू, सरत आला असताना तर हे दृश्य अधिकच मोहात पाडते, कारण उन्हाळाभर हिरव्या, गढूळ पाण्याआड राहिलेला मासा आता निवळलेल्या पाण्यात पाठीवरच्या खवल्यांसकट दिसतो, आणि थंडी वाढून मासे तळाशी जाऊन बसण्यापूर्वी आपल्या हाती थोडेच दिवस उरले आहेत याची जाणीवही मनात असते. परंतु मासा वर येतो तो दोन अगदी वेगळ्या कारणांनी. एक तर त्याला पृष्ठभागावर खायला काही दिसलेले असते, नाहीतर खालच्या पाण्यात त्याला श्वास पुरेनासा झालेला असतो. दुरून दोन्ही दृश्ये सारखीच भासतात, त्यांवरचे उपाय मात्र एकमेकांच्या उलट आहेत. भुकेल्या माशाला दिलेले मूठभर खाद्य त्याच्या अंगी लागते. गुदमरलेल्या माशापुढे टाकलेले तेच खाद्य त्याच्या जिवावर उठू शकते.

आधी भुकेला मासा जवळून पाहू. उत्तर शरदात पाण्यावरचे कीटक कमी झालेले असतात, पण संपलेले नसतात. चिलटांसारख्या काही बारीक कीटकांच्या अळ्या गाळात वाढतात, त्यांचे कोष थंडीच्या दिवसांतही तळातून वर चढतात, पृष्ठभागाशी पोचल्यावर कात सोडतात आणि पंख फुटलेला कीटक उडून जातो. हे बहुधा दुपारच्या उबेत घडते. मासा खालून तिरका वर येतो, ओठ पाण्याच्या सायीला टेकवतो, कीटक टिपतो आणि लगेच खाली वळतो. मागे उरते ते एक वर्तुळ, जे पसरत पसरत काठाला लागते. पुढचे वर्तुळ त्याच जागी उमटत नाही, चार हात पलीकडे उमटते; मग काही क्षण शांतता असते आणि नंतर एकदम दोन ठिकाणी पाणी हलते. वारा ज्या काठाकडे वाहत असेल तिथे वाकून पाहिले, तर रव्याच्या कणांएवढ्या पारदर्शक काती पाण्यावर गोळा झालेल्या सापडतात. त्या दिसल्या की मासे खायलाच वर येत आहेत, याची खूण पटते.

गुदमरलेला मासा वर येतो आणि वरच राहतो, फरकाचे मूळ यातच आहे. त्याचे अंग तिरके असते, डोके वर आणि शेपटी खाली. तोंड पाण्याच्या रेषेशी लागलेले असते आणि ते एका लयीत उघडत-मिटत राहते, कल्ल्यांची झाकणेही त्याच घाईने हलतात. हवेला लागून असलेल्या पाण्याच्या अगदी पातळ थरात हवेतला प्राणवायू सतत मिसळत असतो, म्हणून तळ्यातले इतर सगळे पाणी निकामी झाले तरी तो थर काही काळ तग धरू देतो, आणि मासा त्या थरातले पाणी कल्ल्यांवरून ओढत असतो. अशा वेळी मोठी, पसरणारी वर्तुळे दिसत नाहीत. पाण्यावर बारीक थरथर दिसते आणि जवळ गेल्यास चुटचुट असा आवाज कानी येतो. मासे विखुरलेले नसतात. जिथे पाणी आत येते, जिथे कारंजे पडते किंवा जिथे वाऱ्याने लाटा उठतात, तिथे ते दाटीने जमतात. त्यांत आकाराने मोठे मासे पुढे असतात, कारण एकाच जातीत प्राणवायूच्या कमतरतेचा फटका सहसा मोठ्या माशांना आधी बसतो. काठालगत गोगलगायी पाण्याबाहेर चढलेल्या दिसल्या, तर शंकेला जागाच उरत नाही.

घड्याळाचीही मदत होते. पाण्यातली शेवाळे आणि वनस्पती उजेड असेपर्यंत प्राणवायू बनवतात, रात्री मात्र मासे, शेवाळे आणि गाळातले जीवाणू मिळून तो केवळ खर्च करतात. त्यामुळे तळ्यातला प्राणवायू सूर्योदयाच्या सुमारास सर्वांत कमी आणि दुपार कलताना सर्वांत जास्त असतो. म्हणूनच पहाटे एका जागी जमलेले मासे आणि दुपारी विखुरलेली वर्तुळे या दोन दृश्यांकडे एकाच नजरेने पाहू नये. तरीही घड्याळावर पूर्ण भिस्त ठेवू नये, कारण तळे फारच बिघडले असेल तर मासे भर दुपारीही धापा टाकतात.

माझ्या मते सर्वांत खात्रीची कसोटी सावलीची आहे. सूर्य पाठीशी ठेवून काठाशी जावे आणि आपली सावली माशांवर पडू द्यावी. खाण्यासाठी आलेला मासा क्षणात उसळी मारून खोल जातो आणि बराच वेळ परतत नाही. गुदमरलेला मासा एक तर हलतच नाही, किंवा हातभर खाली जाऊन लगेच त्याच जागी परत येतो, कारण भीतीपेक्षा त्याची श्वासाची गरज मोठी असते. माणसाळलेल्या तळ्यात मासे सावलीला भीत नाहीत, उलट खाद्याच्या आशेने जवळ येतात. तिथे एकच मासा निवडून मिनिटभर त्याच्यावर नजर ठेवावी. त्या मिनिटात तो पाण्याच्या रेषेवरून एकदाही खाली गेला नाही, तर तो खाद्य मागायला आलेला नाही असे समजावे.

आता प्रश्न असा पडतो की, थंड पाण्यात प्राणवायू जास्त मावतो हे सर्वज्ञात असताना शरदात मासा गुदमरतोच कसा. समुद्रसपाटीला गोड्या पाण्यात 30 अंश सेल्सिअसला लिटरमागे सुमारे 7.6 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, 20 अंशांना सुमारे 9.1 आणि 10 अंशांना सुमारे 11.3. बहुतेक माशांना 5 मिलिग्रॅम असले की चांगले चालते, 3 च्या खाली त्रास होऊ लागतो, आणि 1 च्या आसपास बरेच मासे मरतात. आकडे पाहिले की शरद हा सुरक्षित ऋतू वाटतो, पण हे आकडे पाण्यात किती मावू शकते ते सांगतात, प्रत्यक्षात किती आहे ते सांगत नाहीत. भांडे मोठे झाले म्हणून ते भरलेले असतेच असे नाही.

ते रिकामे होण्याची या दिवसांत दोन मुख्य कारणे असतात. पहिले म्हणजे पाण्याची उलथापालथ. खोल आणि वाऱ्यापासून आडोशाला असलेल्या तळ्यात उन्हाळ्यात दोन थर बनतात. वर कोमट, हलके पाणी असते आणि तळाशी थंड, जड पाणी असते. तळच्या पाण्याला महिनोन्महिने हवा लागत नाही, तिथे कुजणारा पालापाचोळा असलेला प्राणवायू संपवून टाकतो आणि सडलेल्या अंड्यांच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड वायू साठत जातो. शरदात वरचे पाणी थंड होऊन जड होते, थरांमधला फरक मिटतो आणि एखाद्या वादळी रात्री किंवा थंड पावसाच्या माऱ्याने तळे वरखाली एक होते. हे हळूहळू घडले तर मासे निभावून नेतात, मात्र एका रात्रीत घडले तर वरचे चांगले पाणी तळच्या निकृष्ट पाण्यात मिसळून सगळ्याच तळ्यातला प्राणवायू घटतो. पाण्याचा रंग एकाएकी करडा किंवा काळपट तपकिरी झाला आणि वास आला, तर हेच घडले आहे असे समजावे. उथळ तळ्यात असे थर फारसे टिकत नाहीत, तिथे दुसरे कारण प्रबळ ठरते, ते म्हणजे पानगळ. पाण्यात पडलेली पाने काही दिवस तरंगतात, मग भिजून बुडतात आणि तळाशी कुजताना प्राणवायू खातात. त्यातच दिवस लहान झालेले असतात आणि आभाळ भरलेले असले की शेवाळांकडून होणारी भरपाईही आखडते.

अशीच एक सकाळ माझ्या मनात घर करून आहे. आदल्या रात्री थंड पाऊस झाला होता, पाणी चहासारखे झाले होते आणि कारंज्याच्या बाजूला दहा-बारा मोठे मासे तोंडे वर करून उभे होते. ते भुकेले आहेत असे समजून मी दोन मुठी खाद्य टाकले. एकाही माशाने मान वळवली नाही; गोळ्या त्यांच्या तोंडांवर आपटून बाजूला झाल्या, फुगल्या आणि बुडाल्या. समोर आलेले खाद्य मासा नाकारतो तेव्हा तळे काहीतरी सांगत असते, हे मला त्या दिवशी कळले आणि मी हाताशी होते त्या जाळ्याने उरलेल्या गोळ्या काढून घेतल्या.

खाद्य घातक का ठरते, तेही समजून घ्यावे. अन्न पचवताना माशाची प्राणवायूची गरज वाढते, म्हणजे जे कमी आहे त्याचीच मागणी आपण वाढवतो. आणि न खाल्लेले खाद्य कुजून तळ्यातला उरलासुरला प्राणवायू खर्च करते. म्हणून मासे गुदमरलेले आहेत असे ठरले की प्रथम खाद्य बंद करावे, गळ तर टाकूच नये, कारण ओढाताणीत थकलेला मासा अशा पाण्यात सोडला तर सावरत नाही. मग पाण्याला हवा द्यावी. एरेटर, म्हणजे पाण्यात हवा सोडणारे यंत्र, असेल तर तो सुरू करावा. नसेल तर साध्या पंपाने वरच्या थरातले पाणी उचलून फवाऱ्यासारखे परत तळ्यात पाडावे. पंपाचे तोंड तळाशी ठेवू नये, नाहीतर आपणच खालची घाण वर आणतो. नळाचे पाणी घालायचे असेल तर त्यातले क्लोरीन आधी घालवलेले असले पाहिजे, कारण क्लोरीन कल्ल्यांना भाजते. शेवाळ मारणारे औषध या दिवसांत टाकू नये, कारण मेलेले शेवाळही कुजते. गाळ उपसण्याचा उत्साहही अशा सकाळी आवरावा.

मासे भुकेलेच आहेत असे ठरले, तर मात्र संकोच करण्याचे कारण नाही. फक्त हात आखडता ठेवावा. मासा थंड रक्ताचा असल्याने त्याची भूक पाण्याच्या तापमानावर ठरते, म्हणून तापमापक हातभर खोल धरून ते पाहावे. कार्पसारख्या माशांचे खाद्य 15 अंशांच्या खाली कमी करत जावे आणि पाणी 10 अंशांच्या खाली स्थिरावले की बंद करावे; त्यानंतर ते वर आलेच तरी नैसर्गिक कीटकांवर त्यांचे भागते. ट्राउट याला अपवाद आहे. त्याला थंड पाणीच मानवते, तो या दिवसांत चांगला खातो, पण त्याला प्राणवायूही इतरांपेक्षा जास्त लागतो, त्यामुळे मिश्र तळ्यात धापा टाकताना तो बहुधा पहिला दिसतो. गळ टाकायचा तर दुपारची वेळ निवडावी, आमिष लहान आणि हालचाल संथ ठेवावी, कारण गारठलेला मासा धावून झडप घालत नाही, आमिषाला हलके तोंड लावतो आणि पाण्यावरचे बूच बुडण्याऐवजी किंचित आडवे सरकते. सोडायचा मासा ओल्या हातांनीच धरावा आणि गोठवणाऱ्या हवेत क्षणभरही जास्त ठेवू नये. तळ्यात दाटी असेल तर या दिवसांत थोडे मासे खाण्यासाठी काढणे हिताचे असते, कारण त्यामुळे हिवाळ्यात उरलेल्या माशांच्या वाट्याला जास्त प्राणवायू येतो.

फसवणारी आणखी दोन दृश्ये सांगितली पाहिजेत. मरळ आणि मागूर यांसारख्या माशांना हवेतून श्वास घेण्याची वेगळी सोय असते. ते निरोगी असतानाही ठरावीक वेळाने वर येऊन हवेचा घोट घेतात आणि खाली जातात, त्याला धाप समजू नये. उलट, प्राणवायू मापकावर पुरेसा दिसत असूनही मासे धापा टाकत असतील, तर दोष पाण्यातल्या हवेत नसून माशाच्या कल्ल्यांत किंवा रक्तात असू शकतो, आणि त्याची कारणे अशी: परजीवी, अमोनिया किंवा नायट्राइट. नायट्राइट वाढले तर रक्त प्राणवायू वाहून नेऊ शकत नाही आणि कल्ले लालऐवजी तपकिरी दिसतात. अशा वेळी पाण्याची तपासणी केल्याशिवाय केवळ एरेटरवर विसंबू नये.

पानगळीआधी तळ्यावर जाळे ताणणे, पडलेली पाने बुडण्यापूर्वी रोज काढणे आणि वाळू लागलेल्या पाणवनस्पतींच्या काड्या कापून बाहेर टाकणे ही कामे दिसायला किरकोळ आहेत, पण गुदमरण्याची पाळी बहुतांशी तीच टाळतात. एरेटरच्या बाबतीत मात्र एक काळजी घ्यावी. पाणी सुमारे 4 अंशांना सर्वांत जड असते, म्हणून कडाक्याच्या थंडीत तळाशी ते तुलनेने उबदार राहते आणि मासे तिथेच हिवाळा काढतात. हवा सोडणारी नळी सर्वांत खोल जागी ठेवली तर ते पाणी वर ढवळून गार होते. शरद संपताना ती नळी उथळ बाजूला आणून ठेवावी, आणि उलथापालथ झाल्यानंतर पाण्याचा वास जाऊन दुपारी पुन्हा विखुरलेली वर्तुळे दिसेपर्यंत खाद्याचा डबा बंदच ठेवावा.