सावकाश हलणाऱ्या शिल्पाची अडचण

हलतं शिल्प भरभर फिरवायला फारसं डोकं लागत नाही, मोटर जोडली की झालं. कस लागतो तो ते सावकाश आणि न अडखळता हलवताना.

अमेरिकन शिल्पकार जॉर्ज रिकी (१९०७–२००२) यांची स्टीलची लांब, निमुळती पाती साध्या झुळकीनेही झुकतात आणि परत येताना अजिबात घाई करत नाहीत. पात्याच्या खालच्या आखूड भागात शिशाचं वजन असतं. त्यामुळे गुरुत्वमध्य टेकूच्या, म्हणजे पातं जिथे टेकून झुलतं त्या जागेच्या, जरासा खाली राहतो आणि पातं लंबकासारखं वागतं. गुरुत्वमध्य टेकूच्या जितका जवळ, तितका झोका लांबतो. हे अंतर चौथ्या हिश्श्यावर आणलं, तर एका झोक्याला जवळपास दुप्पट वेळ लागतो.

मग अंतर आणखी कमी का करू नये? कारण पात्याला परत उभं करणारा जोरही अंतराच्याच प्रमाणात घटतो. एका टप्प्यानंतर तो टेकूवरच्या घर्षणाला पुरा पडत नाही आणि पातं तिरकंच थांबतं. पुन्हा ढकललं, तर दुसऱ्याच कोनात थांबतं. ही खूण ओळखायला हवी. तोल चुकला असता, तर ते दर वेळी एकाच बाजूला कललं असतं. जागा बदलत असेल, तर शिसं कमी-जास्त करण्यात अर्थ नाही. दोष टेकूत आहे.

टेकूवरचा अडथळा पातं ज्या पिनवर झुलतं, तिच्या जाडीवरही ठरतो. ८ मिलिमीटरऐवजी २ मिलिमीटरची पिन बसवली, की तो चौथा हिस्सा उरतो, अर्थात पिन वाकली नाही तर! हाच विचार टोकाला नेला की सुरीच्या धारेचा टेकू मिळतो. प्रयोगशाळेतल्या जुन्या तराजूत तो असायचा, रिकी यांनीही तो वापरला. बॉल बेअरिंग घ्यायचं असेल, तर त्यातलं ग्रीस धुऊन पातळ तेलाचा थेंब सोडतात. झुळकीच्या जोरापुढे ग्रीस डिंकासारखं आडवं येतं. मात्र शिल्प उघड्यावर असेल, तर ग्रीस काढल्यावर गंजाशी गाठ आहे.

मोटरवरच्या शिल्पात घर्षण वेगळ्या रूपात छळतं. थांबलेली वस्तू हलवायला जास्त जोर लागतो, हलती ठेवायला कमी. त्यामुळे मंद वेगात शाफ्ट, म्हणजे शिल्प फिरवणारा दांडा, आधी पिळला जातो, मग एकदम सुटतो, पुन्हा अडतो. शिल्पाचा फिरता हात वाहत्या गतीने फिरण्याऐवजी टप्प्याटप्प्याने उडतो. यावर शाफ्ट जाड घ्यायचा किंवा टेफ्लॉनचं बुश, म्हणजे शाफ्ट ज्यात फिरतो ती नळी, वापरायचं. टेफ्लॉनमध्ये या दोन जोरांत फारसा फरक नसतो.

गिअरचा प्ले, म्हणजे दात्यांमधली मोकळी फट, हे आणखी एक दुखणं. जड हात माथ्यापर्यंत चढताना दाते एका बाजूने टेकलेले असतात. माथा ओलांडला की वजन दुसऱ्या बाजूवर जातं आणि मधल्या फटीएवढा हात खाडकन पडतो. फट जेमतेम दिसते, पण लांब हाताच्या टोकाला तिचा मोठा धक्का होतो. म्हणून हाताचा तोल उलट वजनाने आधी नीट साधतात आणि मग शाफ्टवर फेल्टची चकती हलकेच दाबून बसवतात, म्हणजे दाते कायम एकाच बाजूला टेकून राहतात. एवढा खटाटोप करून घालवलेलं घर्षण इथे मुद्दाम परत आणावं लागतं! चकती झिजते, म्हणून ती शिल्प न उघडता बदलता येईल अशा जागी बसवलेली बरी.