जर्मनचा साधा भूतकाळ, त्याच्या नावाचा घोळ आणि तो दक्षिणेत का बोलत नाहीत

पुण्या-मुंबईकडच्या जर्मनच्या क्लासमध्ये साधारण क्रम ठरलेला असतो. आधी पेर्फेक्ट येतो, म्हणजे हाबेन (जवळ असणे) किंवा झाइन (असणे) आणि वाक्याच्या शेवटी ते गे- लावलेलं रूप, सोबत वार (होतो) आणि हाटे (जवळ होतं) एवढे दोन शब्द तोंडी लावायला, आणि मग बी वन या मधल्या पातळीच्या आसपास कधीतरी सांगतात की अजून एक भूतकाळ आहे, प्रेटेरिटुम, पण तो पुस्तकात आणि पेपरात येतो, बोलताना लागत नाही. हे अर्धंच खरं आहे. हांबुर्गकडची माणसं बोलताना तो आजही भरपूर वापरतात, म्युनिककडची जवळजवळ वापरत नाहीत, आणि हा फरक का पडला त्याची गोष्ट पाचशे वर्षं मागे जाते. रूपं कशी करायची ते तक्ते सगळ्यांकडे असतातच, त्यामुळे ते इथे परत देत नाही.

आधी नावाचं बघू, कारण गोंधळाची सुरुवात तिथूनच होते. जुनी पुस्तकं वापरलेले लोक याला इम्पेर्फेक्ट म्हणतात, नवी पुस्तकं प्रेटेरिटुम म्हणतात, जर्मनीतल्या लहान मुलांच्या शाळेत पहिला भूतकाळ म्हणतात आणि पेर्फेक्टला दुसरा, आणि ऑस्ट्रियाच्या शाळांत याचंच नाव मिटफेरगांगेनहाइट आहे, शब्दशः सोबतचा भूतकाळ. एकाच रूपाला चार नावं. हे झालं कसं, तर १५७० च्या दशकात जर्मनची पहिली पूर्ण व्याकरणं छापली गेली तीच मुळात लॅटिनमध्ये लिहिलेली होती, आणि लिहिणाऱ्यांनी लॅटिन क्रियापदाचे कप्पे जसेच्या तसे घेऊन जर्मन रूपं त्यात बसवली. लॅटिनमध्ये इम्परफेक्टम म्हणजे चालू असलेली, न संपलेली किंवा नेहमीची क्रिया, आपल्या करत होतो किंवा करत असे सारखी. जर्मन इश गिंग मध्ये असं काहीच नाही, ते मी गेलो पण आहे आणि मी जात होतो पण आहे, क्रिया संपली की नाही हे ते रूप सांगतच नाही, वाक्यातल्या बाकीच्या शब्दांवरून कळतं. तरी रिकामा कप्पा होता म्हणून त्यात ते टाकलं आणि नाव चिकटलं ते चिकटलंच.

बरं, प्रेटेरिटुम हे नाव तरी सरळ आहे का? लॅटिन व्याकरणात तीनही भूतकाळांच्या नावात प्रेटेरिटुम होतं, अपूर्ण प्रेटेरिटुम, पूर्ण प्रेटेरिटुम आणि पूर्णाच्याही पलीकडचं प्रेटेरिटुम. शब्दाचा अर्थच सरून गेलेलं. म्हणजे आडनाव तिघांचं एक, आणि आता ते आडनाव एकट्यालाच दिलंय, बाकीचे दोघे आपल्या पहिल्या नावावर राहिले. निदान हे नाव खोटं तरी बोलत नाही, म्हणून मला इम्पेर्फेक्टपेक्षा हेच बरं वाटतं, पण फार स्वच्छ आहे असं नाही.

मराठीतून शिकणाऱ्याला यात अजून एक चकवा बसतो आणि त्याबद्दल कोणी फारसं सांगत नाही. इम्पेर्फेक्टचं भाषांतर अपूर्ण भूतकाळ असं केलं की शाळेतलं मराठी व्याकरण डोक्यात जागं होतं, अपूर्ण भूतकाळ म्हणजे तो जात होता, आणि मग एअर गिंग दिसलं की तो जात होता असंच लिहिलं जातं, जिथे नुसतं तो गेला हवं असतं. पेर्फेक्टचं त्याच्या उलट. इश बिन गेगांगेन ची बांधणी हुबेहूब मी गेलेलो आहे सारखी, म्हणून मुलं ते पूर्ण वर्तमानकाळ समजून घेतात, पण म्युनिकचा माणूस ते म्हणतो तेव्हा त्याला साधं मी गेलो एवढंच म्हणायचं असतं. दोन्ही नावांनी आपल्याला फसवलंय. साधा भूतकाळ हे मराठीतलं नाव त्यातल्या त्यात ठीक, कारण साधा म्हणजे एका शब्दात होणारा, सहाय्यक क्रियापदाशिवाय, एवढंच खरंच त्याबद्दल छातीठोकपणे सांगता येतं.

आता रूपं आली कुठून. यात मराठी वाचकाला खरं तर घरचंच काहीतरी सापडतं. १८१६ मध्ये फ्रँकफर्टला एक पुस्तक छापलं गेलं, त्यात संस्कृत क्रियापदांची रूपं ग्रीक, लॅटिन, फारसी आणि जर्मानिक (जर्मन-इंग्रजीच्या कुळातल्या) भाषांच्या रूपांशेजारी ठेवून बघितली होती, आणि तिथून तुलनात्मक व्याकरणाची घडी बसली. झिंगेन–झांग (गाणे–गायलो), बिंडेन–बांड (बांधणे–बांधलं) ही जी स्वर बदलणारी क्रियापदं आहेत त्यांचा भूतकाळ म्हणजे संस्कृतच्या लिट् लकाराचा, म्हणजे तिथल्या एका भूतकाळाचा, भाऊ. बन्ध् चं बबन्ध, बिंडेन चं बांड, पुढचं दुहेरी ब जर्मनने टाकून दिलं. सगळ्यात जवळचं उदाहरण माहीत असणे या क्रियापदाचं. संस्कृतमध्ये अहं वेद, सः वेद, पण वयं विद्म. जर्मनमध्ये इश वाइस, एअर वाइस, पण विअर विसेन. रूप भूतकाळाचं, अर्थ मात्र वर्तमानाचा, दोन्हीकडे. आणि मी आणि तो यांना एकच रूप, दोन्हीकडे. इश गिंग, एअर गिंग असं दोघांना सारखंच का आणि तिसऱ्या पुरुषाला तो नेहमीचा ट का लागत नाही, हा प्रश्न वर्गात दरवर्षी कोणीतरी विचारतं, त्याचं उत्तर हे आहे.

एकवचनात एक स्वर आणि अनेकवचनात दुसरा ही वेद–विद्म ची चाल जुन्या जर्मनमध्ये सगळीकडे होती. मध्ययुगात इश झांग पण विअर झुंगेन. पुढे सोळाव्या-सतराव्या शतकांत हे सपाट झालं, कुठे एकवचनाचा स्वर जिंकला, झांग–झांगेन, कुठे अनेकवचनाचा, जसं राइटेन (घोड्यावर बसून जाणे) चं जुनं राइट आणि रिटेन होतं त्यातून आजचं रिट उरलं. झुंगेन एका म्हणीत मात्र अडकून राहिलंय, म्हातारे जसे गायले तशीच पोरं चिवचिवतात अशा अर्थाची ती म्हण आहे आणि तिच्यात यमक युंगेन शी जुळवायचं असल्याने झांगेन करताच आलं नाही. असणे चं पण बघा, आधी एकवचनात वास आणि अनेकवचनात वारेन होतं, इंग्रजीत वॉज आणि वेअर अजून तसंच आहे, जर्मनने र दोन्हीकडे नेला आणि वार झालं. बायबलचं जे प्रसिद्ध भाषांतर १५२२ पासून यायला लागलं आणि १५३४ मध्ये पूर्ण झालं त्याच्या सुरुवातीलाच प्रकाश झाला ते वाक्य आहे, तिथे वार्ट आहे, आज सगळे वुर्डे म्हणतात.

दुसरा गट -टे वाला, माख्टे (केलं), झाग्टे (सांगितलं). हा जर्मानिक भाषांनी नंतर स्वतः तयार केलेला. शेवटचं ते -टे म्हणजे टुन, करणे, याचंच झिजलेलं रूप असावं असं बरेच मानतात, कारण गॉथिक या जुन्या जर्मानिक भाषेतल्या चौथ्या शतकातल्या बायबलमध्ये आम्ही लेप लावला यासाठी सल्बोडेडुम असं लांबलचक रूप आहे आणि त्यातलं डेडुम केलं सारखं ऐकू येतं. सगळ्यांना ते पटलेलं नाही, दुसरे म्हणतात की भूतकाळवाचक धातुसाधितातूनच ते आलं, आणि वाद मिटलेला नाही. पण आपण कसे डाउनलोड केलं, सर्च केलं म्हणतो ते आठवलं की करणे वाली कल्पना मला तरी फार परकी वाटत नाही. आज जे नवीन क्रियापद येतं ते याच गटात जातं, गुगेल्टे (गुगल केलं), चाटेटे (चॅट केलं), आणि स्वर बदलणारी जुनी मंडळी दीडशे-दोनशेच उरलीत. त्यातलीही काही गळतायत, भाजण्यासाठीचं बूक जवळजवळ गेलं आणि बाक्टे आलं. उलटही एकदा झालं होतं, विचारलं साठी फ्राग्टे असताना अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत फ्रूग लिहायची लाट आली होती, ती ओसरली.

आता खरा मुद्दा, दक्षिणेत काय झालं.

पंधराव्या शतकापासून माइन नदीच्या दक्षिणेकडच्या बोलींत हा भूतकाळ मागे पडायला लागला आणि सोळाव्या शतकात ते झपाट्याने झालं. आजच्या बव्हेरियन बोलीत इ वार आणि इच्छेचं वोल्टे असे एकदोन अवशेष आहेत, स्वित्झर्लंडच्या जर्मनमध्ये तेही नाहीत, मी होतो साठी इ बी ग्सी, म्हणजे तिथेही पेर्फेक्टच. याचं पाठ्यपुस्तकी कारण फार सुटसुटीत आहे. दक्षिणेत शब्दाच्या शेवटचा ए गळला, मग एअर झाग्टे चं एअर झाग्ट झालं, आणि तो सांगतो हे पण एअर झाग्टच, काल की आज कळेना, म्हणून लोकांनी पेर्फेक्ट धरला. ऐकायला पटतं. मीही बरीच वर्षं हेच समजून होते आणि शिकवतानाही हेच सांगायचे.

पण जरा ताणून बघितलं की ते उसवतं. एक तर गिंग, काम (आलो), झांग या रूपांच्या शेवटी ए नव्हताच, तिथे गोंधळ व्हायचं कारणच नाही, तरी तीही गेली. दुसरं म्हणजे उत्तरेकडच्या सखल जर्मन बोलींतही शेवटचा ए गळला आणि तिथे भूतकाळ बराचसा टिकला. तिसरं, फ्रान्समध्ये आणि उत्तर इटलीतही बोलण्यातला साधा भूतकाळ असाच गेला आणि सहाय्यकवाला पुढे आला, तिथे जर्मनच्या ए चा काय संबंध. यिद्दिशनेही, म्हणजे ज्यूंच्या जर्मनमधून आलेल्या भाषेनेही, तो पूर्ण टाकला. म्हणून हल्ली असं म्हणणारे वाढलेत की पेर्फेक्ट आतून फुगत गेला आणि त्याने जुन्याची जागा घेतली, ए गळण्याने फार तर धक्का दिला. माझं मत याच बाजूला आहे, कारण आपल्या भाषेत हे आधी झालेलंच आहे आणि तिथे कुठला ए गळायची गरज पडली नव्हती.

पेर्फेक्ट कसा जन्मला ते बघा. नवव्या शतकातल्या एका भाषांतरात अंजिराच्या झाडाची गोष्ट आहे, एकाने आपल्या द्राक्षमळ्यात झाड लावलं होतं, आणि तिथे शब्द आहे गिफ्लांत्सोटान. शेवटचं ते -आन झाडाचं आहे, माणसाचं नाही, म्हणजे मूळ अर्थ त्याच्याकडे लावलेलं असं झाड होतं, लावलेलं हे झाडाचं विशेषण, झाडाप्रमाणे बदलणारं. आता मराठी घ्या. त्याने झाड लावलं, त्याने वेल लावली, त्याने वड लावला, आपलं क्रियापद आजही झाडाकडे बघून बदलतं, कारण ते मुळात विशेषणच आहे. संस्कृतमध्ये अगच्छत्, अगमत्, जगाम असे तीन तीन भूतकाळ होते, बोलणाऱ्यांनी सः गतः, तेन कृतम् वर काम भागवायला सुरुवात केली, प्राकृतात ते पक्कं झालं आणि आपल्यापर्यंत गेला, केलं पोचलं. जुने तिन्ही भूतकाळ धातुसाधिताने गिळले. दक्षिण जर्मनीत तेच झालं, फक्त हजारभर वर्षं उशिरा, आणि उत्तरेत ते अर्ध्यावर थांबलं.

थांबलं ते लिखाणामुळे, असा बऱ्याच जणांचा अंदाज आहे आणि त्यात तथ्य आहे. त्या बायबलची भाषा जर्मन मुलखाच्या मधल्या-पूर्वेकडच्या भागातली होती, तिच्यात साधा भूतकाळ ठासून भरलेला, छापखान्यांनी ती सगळीकडे नेली, आणि उत्तरेच्या लोकांची बोली सखल जर्मन असल्याने ते ही प्रमाण जर्मन पुस्तकातून शिकले, म्हणून त्यांच्या तोंडात पुस्तकातला काळ बसला. दक्षिणेचा माणूसही लिहिताना तोच काळ लिहायला लागला, बोलताना मात्र आपला. तो पुस्तकी काळ हे जे लेबल आज आपल्या वहीत असतं ते खरं तर दक्षिणेच्या कानाने लिहिलेलं आहे.

एक नुकसान दक्षिणेला भरून काढावं लागलं. मी जेवलो होतो म्हणायला हाटे लागतं, आणि हाटे स्वतःच साधा भूतकाळ, तोच नाही म्हटल्यावर त्यांनी इश हाबे गेगेसेन गेहाब्ट असा दुहेरी पेर्फेक्ट केला. शुद्ध बोलण्याचा आग्रह धरणारे त्याला नावं ठेवतात, ते मला अन्यायाचं वाटतं, ती चूक नसून बोलीची गरज होती.

आज एकूण चित्र क्रियापदागणिक वेगळं आहे. असणे, जवळ असणे, कोंटे (शकलो), मुस्टे (करावं लागलं), वोल्टे (हवं होतं) ही रूपं जवळजवळ सगळीकडे बोलताना चालतात, उत्तरेत त्याशिवाय गिंग, काम, डाख्टे (वाटलं), झाग्टे पण सहज येतात. बातमीत पहिलं वाक्य बरेचदा पेर्फेक्टमध्ये, अमुक निर्णय घेतला आहे असं, आणि पुढचा तपशील प्रेटेरिटुममध्ये, आणि परीकथा तर एस वार आइनमाल शिवाय सुरूच होत नाही, एक होता राजा सारखी.

आणि एक जागा अशी आहे जिथे तो भूतकाळाचा अर्थच सोडतो. हॉटेलात वेटर हातात तीन ताटल्या घेऊन टेबलापाशी येतो आणि विचारतो, वेअर बेकाम डास श्नित्सेल, श्नित्सेल कोणाला मिळालं? अजून कोणालाच मिळालेलं नसतं, ताटली त्याच्या हातात असते. त्याला म्हणायचं असतं कोणी मागवलं होतं, कोणाचं आहे. तसंच काउंटरवर, वी वार नोख माल इअर नामे, नाव काय होतं आपलं, आणि आपण पण फोनवर अगदी असंच म्हणतो, काय नाव म्हणालात?