परवान्याआधीची पुस्तकं

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या भूमिका घेऊन खेळायच्या खेळासाठी बाहेरच्या प्रकाशकांची पुस्तकं २००० सालच्या ओपन गेम लायसन्समुळेच (खेळाचे नियम इतरांना छापू देणाऱ्या परवान्यामुळेच) सुरू झाली, असं अजूनही सांगितलं जातं. ते चूक आहे. अमेरिकेतल्या इलिनॉयची जजेस गिल्ड ही कंपनी १९७६ पासूनच अशी पुस्तकं काढत होती, तीही मूळ कंपनी टीएसआरच्या परवानगीने. त्यांनी गल्लीबोळांसकट आखलेल्या काल्पनिक शहरात लोक वर्षानुवर्षं खेळले; ते श्रेय त्यांना मिळायलाच हवं. मेफेअर गेम्सने तर १९८२ पासून परवान्याविनाच ‘रोल एड्स’ मालिका काढली. (वाद झाला, अखेर टीएसआरने ती मालिकाच विकत घेतली.) अमेरिकी कायद्यात खेळाच्या पद्धतीवर कॉपीराइट नसतो, नियम मांडणाऱ्या मजकुरावर असतो. २००० नंतर त्या लायसन्समुळे त्यातला ठरावीक मजकूरही अटी पाळून कुणालाही छापता येऊ लागला, आणि कोर्टाच्या धास्तीने थांबलेले छोटे प्रकाशक पुढे आले.