शार्कच्या कातडीला फुकटचं श्रेय

शार्कच्या कातडीसारख्या खडबडीत कापडामुळे जलतरणातले विक्रम धडाधड मोडले, हा समज काही जात नाही. हार्वर्डचे जीवशास्त्रज्ञ जॉर्ज लॉडर यांनी २०१२ मध्ये तपासलं, तर त्या खडबडीतपणाचा फायदा दिसलाच नाही.

२००९ च्या रोम जागतिक स्पर्धेत ४३ विश्वविक्रम झाले, त्यात खरा हात पॉलियुरेथेन या प्लास्टिकसारख्या पदार्थाच्या पोशाखांचा. हे पोशाख पाणी शोषत नसत, पोट-मांड्या करकचून आवळत आणि अंग थोडं वर तरंगवत. (चढवताना मात्र घाम फुटायचा!) तिथेच असा पोशाख घातलेल्या जर्मनीच्या बीडरमानने २०० मीटर फ्रीस्टाइलमध्ये अमेरिकेच्या फेल्प्सला हरवलं; फेल्प्सच्या अंगात आदल्या वर्षीचा पोशाख होता. २०१० पासून नियमाने फक्त विणलेल्या कापडाचा पोशाख चालतो, पुरुषांना कमरेपासून गुडघ्यापर्यंतच.