रसग्रहणात ‘कशावरून?’ का विचारले जात नाही

दहावीच्या मराठी कुमारभारतीच्या कृतिपत्रिकेत कवितेच्या रसग्रहणाला चार गुण आहेत. जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तिन्ही जिल्हे नाशिक विभागीय मंडळात येतात. या पट्ट्यात परीक्षा जवळ आली की वर्गावर्गांतून एकच सराव चालतो: आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये. तीन उपमथळे आणि प्रत्येकाखाली तीन-चार ओळी. ‘कवीने अतिशय समर्पक शब्दांत भावना व्यक्त केल्या आहेत’ हे वाक्य कुठल्याही कवितेखाली खपते, म्हणून ते सगळ्यांना पाठ असते. त्यावर ‘कशावरून?’ असे कोणी विचारत नाही. मुलांना मतच नसते, असे मुळीच नाही. कापसाच्या भावावरून, क्रिकेटमधल्या बाद-नाबादवरून हीच मुले तावातावाने आणि पुरावे देऊन भांडतात. कवितेपाशी आली की गप्प होतात. याची मुळे बरीच जुनी आहेत.

१८५४ साली इंग्रज सरकारचे शिक्षणधोरण ठरवणारा वुडचा खलिता आला आणि त्याच वर्षी परशुरामतात्या गोडबोले यांचे ‘नवनीत’ निघाले. जुन्या मराठी कवितेचे वेचे एकत्र करणारे हे पुस्तक शाळांतून पुढे कित्येक वर्षे चालले. शिक्षकापुढचे काम उघड होते: अवघड भाषा उलगडून द्यायची. अन्वय, शब्दार्थ, वृत्त, अलंकार. त्यात गैर काही नव्हते, कारण मोरोपंतांची आर्या अन्वयाशिवाय कळतच नाही. पण कविता ‘समजली’ म्हणजे अभ्यास संपला, ही सवय इथेच लागली. कवितेविषयी काही म्हणणे मांडायचे आणि ते टिकवून दाखवायचे, ही पुढची पायरी शाळेत आली नाही. ती वरूनही येणार नव्हती, कारण मुंबई विद्यापीठाने वरच्या परीक्षांतून मराठी लवकरच वगळली होती. न्यायमूर्ती रानडे यांच्या दीर्घ खटपटीनंतर विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर ती एम.ए.ला परत आली. मधल्या काळात समीक्षा वाढली ती १८७४ साली सुरू झालेल्या ‘निबंधमाले’सारख्या नियतकालिकांतून, म्हणजे शाळेच्या बाहेर.

रसग्रहणाची परिभाषा संस्कृत काव्यशास्त्रातून आली. इथे मला खरी हळहळ वाटते. मम्मट या संस्कृत काव्यशास्त्रकाराच्या ‘काव्यप्रकाशा’त व्यंजना, म्हणजे शब्दाची सूचित अर्थ देण्याची ताकद, ही वेगळी शब्दशक्ती मानावी की नाही, यावर कडाक्याचा वाद आहे. विरोधकांची मते आधी मांडून तो ती एकेक करून खोडतो. पूर्वपक्ष, मग त्याचे खंडन, मग सिद्धान्त. आपण त्या ग्रंथपरंपरेतून नावे तेवढी उचलली (अभिधा, लक्षणा, व्यंजना, प्रसाद, माधुर्य, ओज) आणि वाद तिथेच ठेवला. न्यायदर्शन या भारतीय तर्कशास्त्राच्या परंपरेने तर अनुमानाची पाच अंगेच घालून दिली: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. डोंगरावर अग्नी आहे, कारण धूर दिसतो. भारतीय आणि पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाच्या अभ्यासासाठी प्रताप शेठजींच्या दातृत्वातून १९१६ साली अमळनेरला तत्त्वज्ञान मंदिर उभे राहिले. म्हणजे युक्तिवादाचे शास्त्र खान्देशात पाहुणे म्हणून कधीच नव्हते. मराठीच्या तासापर्यंत मात्र ते पोचले नाही.

तिकडे केंब्रिजमध्ये समीक्षक आय. ए. रिचर्ड्‌स यांनी विद्यार्थ्यांना कवीचे नाव न सांगता कविता वाचायला दिल्या आणि त्यांच्या लेखी प्रतिक्रिया तपासल्या. चांगली चांगली मुलेही कशी ठरावीक प्रतिक्रियांच्या आहारी जातात, हे त्यांनी १९२९ साली पुस्तकात मांडले. पुढे १९५८ मध्ये तत्त्वज्ञ स्टीफन टूलमिन यांनी युक्तिवादाची घडण दाखवली: दावा, आधार आणि आधारावरून दाव्यापर्यंत नेणारे कारण. इंग्रजीभाषक देशांतल्या माध्यमिक शाळांत साहित्यावरचा निबंध आज ज्या रीतीने शिकवतात, तिच्यात या दोन्ही विचारांचा मोठा वाटा आहे.

हे शिकवायला खान्देशात परकी कविता लागत नाही. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात धरणगावचा त्र्यंबक बापूजी ठोमरे हा कोवळा मुलगा कविता म्हणून गेला आणि ‘बालकवी’ झाला. त्यांची ‘औदुंबर’ अवघ्या आठ ओळींची. वर्गात तिच्यातले रंग मुलांना फळ्यावर उतरवायला सांगावेत. आधी हिरवाळी आणि निळासावळा झरा, मग हिरव्या शेतमळ्यांतून पांढरी पायवाट, ती निघते काळ्या डोहाकडे. शेवटी लाटांवर पसरतो तो ‘गोड काळिमा’. आठ ओळींत गाव आहे, घरे आहेत, पण माणूस एकही नाही. एक मुलगी म्हणेल, कविता प्रसन्न आहे. ‘चिमुकले’ बघा, ‘गोड’ बघा. दुसरा म्हणेल, नाही, वाट गाव सोडून डोहाकडे जाते आणि परत आलेली दिसत नाही, ही विरक्तीची कविता आहे. दोघांकडेही आधार आहे. पण पहिलीला डोह काळा का, हे सांगावे लागेल आणि दुसऱ्याला काळिमा गोड का, हे. आपल्या म्हणण्याला जो शब्द अडचणीचा आहे त्याचाच आधी समाचार घ्यायचा, हा पूर्वपक्ष झाला. या आठ ओळींवर मराठी समीक्षकांत पूर्वीपासून मतभेद आहेत आणि ते मिटलेले नाहीत. मुलांना हे सांगायला हवे. एकच उत्तर ठरलेले नाही, हे कळले की त्यांची लेखणी सुटते.

बहिणाबाईंची गाणी १९५२ साली पुस्तकरूपात आली आणि आसोद्याची बोली पुढे पाठ्यपुस्तकात छापली गेली. ‘मन वढाय वढाय, उभ्या पिकातलं ढोर’ शिकवताना जळगाव तालुक्यातल्या मुलाची बाजू उलट भक्कम असते. हाकलले तरी ढोर पुन्हा त्याच पिकावर येते, हे त्याने बांधावरून पाहिलेले असते. मन चंचल असते, एवढेच कवयित्री म्हणते, की आवरण्याचा प्रयत्नच वारंवार फसतो असे म्हणते? दुसरे म्हणणे तो ‘किती हाकला हाकला’ या द्विरुक्तीवरून आणि स्वतःच्या अनुभवावरून सिद्ध करू शकतो. पण रसग्रहणात तो लिहितो: ‘मनाची चंचलता सुंदर उपमेतून मांडली आहे.’ त्याला ठाऊक असलेले वहीत उतरतच नाही.

साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते. छात्रालयातल्या मुलांसाठी ते हस्तलिखित दैनिक काढत. गुणांशी संबंध नसलेले लेखन रोज मुलांच्या डोळ्यांसमोर असणे, याचे मोल मला फार वाटते. पण तो एका शिक्षकाचा ध्यास होता आणि गुरुजी स्वातंत्र्यलढ्यात गेले.

पुढची गोष्ट परीक्षेची आहे. १९६६ मध्ये राज्य मंडळ आणि १९६७ मध्ये बालभारती स्थापन झाली. लाखो उत्तरपत्रिका सारख्याच न्यायाने तपासायच्या तर मुद्दे ठरवून द्यावे लागतात. मुद्दे ठरले की गाईडे निघतात आणि गाईडे आली की शिकवणीत तीच उतरवून घेतात. ही साखळी तोडायचा प्रामाणिक प्रयत्न २०१८ च्या नव्या पुस्तकांनी आणि कृतिपत्रिकेने केला. ‘स्वमत’ आणि ‘अभिव्यक्ती’ हे प्रश्न त्यासाठीच आहेत. पण त्याच वर्षी भाषा विषयांचे अंतर्गत, म्हणजे शाळेने द्यायचे, गुणही काढले होते. २०१९ चा राज्याचा निकाल ८९.४१ वरून ७७.१० टक्क्यांवर आला. ओरड झाली, पुढच्या वर्षी गुण परत मिळाले आणि चर्चा थांबली. स्वमत लिहायला शिकवायचे कसे, हा विषय त्या गदारोळात निघालाच नाही. लवकरच स्वमताचीही तयार उत्तरे छापून मिळू लागली.

साठ-सत्तर मुलांच्या वर्गात प्रत्येकाचे वेगळे मत तपासणे शिक्षकावर फार भार टाकते, हे मान्य. तरी चारांपैकी एक गुण मुलाने केलेल्या विधानाला, दोन गुण कवितेतल्या नेमक्या शब्दांच्या आधाराला आणि एक गुण अडचणीच्या ओळीला दिलेल्या उत्तराला, अशी विभागणी सराव परीक्षेपुरती कोणतीही शाळा उद्यापासून करू शकते. त्यासाठी मंडळाचा आदेश लागत नाही.