सुनावणीआधी 'आमची बाजू' सांगायला एकटे येऊ नका
(मध्यस्थी व लवादासाठी आमच्याकडे येणाऱ्या पक्षकारांसाठी)

तारीख ठरली की दोन दिवस आधी फोन येतोच. "दादा, सगळ्यांसमोर बोलता येत नाही, आधी आमचं जरा ऐकून घ्या." काही जण थेट लवादांच्या, म्हणजे निवाडा देणाऱ्यांच्या, घरी जातात आणि ओसरीवर केळीचा घड ठेवून येतात. हिवाळा असला तर मळ्यात भरीत-पुरीचं आवतन. खान्देशात पाहुणचाराशिवाय बोलणं सुरूच होत नाही, हे आम्हालाही माहीत आहे. पण लवादाच्या कामात नेमकी यातच तुमची तारीख वाया जाते.

1996 च्या लवाद कायद्यानुसार एका बाजूने लवादापुढे जे निवेदन, अर्ज किंवा कागद दिला, तो दुसऱ्या बाजूला कळवावाच लागतो. म्हणून असा फोन आला की आमचे लवाद तो तिथेच थांबवतात, नोंद करतात आणि समोरच्याला लेखी कळवतात. मग समोरचा हरकत घेतो. हरकतीवर बोलण्यात बैठक संपते आणि मूळ भांडण, म्हणजे केळीच्या घडातल्या दांड्याच्या वजनाची सूट किती धरायची, गाडी दिल्लीला पोचेपर्यंत पिकून गेलेला माल कुणाच्या खात्यात टाकायचा, ते जिथल्या तिथे राहतं. निवाडा तुमच्या बाजूने लागला तरी सुटका नाही. तो रद्द करा म्हणून तीन महिन्यांत न्यायालयात अर्ज करता येतो. त्याला आयतं निमित्त कशाला द्यायचं?

घोटाळा होतो तो मध्यस्थीमुळे. तिथे आम्ही स्वतःच तुम्हाला वेगवेगळं बसवतो. मध्यस्थाला निकाल द्यायचा नसतो, त्यामुळे बंद दाराआड ऐकलं तरी बिघडत नाही. वाटणीच्या भांडणात थोरला आत येऊन म्हणतो, "विहिरीची पाळी वाढवून देतो, पण त्यानं कोर्टाची भाषा सोडावी." हे धाकट्याला सांगायचं की नाही, ते थोरला ठरवतो. मध्यस्थ परवानगीशिवाय इकडचं तिकडे करत नाही. म्हणूनच ज्याने मध्यस्थी केली त्याला त्याच भांडणात आम्ही लवाद म्हणून बसवत नाही. दुसरा माणूस म्हणजे पुन्हा पहिल्यापासून सांगा, अशी तक्रार होते. होऊ द्या. आतलं सगळं ऐकलेल्या माणसाने निवाडा दिला, तर पुढच्या वेळी मध्यस्थापुढे खरं कोण बोलेल?

"तुमचे लवाद नातीगोती फार विचारतात," हेही ऐकतो. जळगाव-धुळ्याकडे दोन घरं पुढे गेलं की सोयरीक निघते. लवादाची भाची समोरच्या पार्टीच्या घरात दिली असेल, तर ते काम घेण्याआधीच लेखी सांगावं लागतं. नंतर कळलं तर सगळं मुळापासून. तुम्हाला असं काही माहीत असेल तर पहिल्या दिवशीच सांगा, निवाड्याच्या आदल्या दिवशी नव्हे.

काही जिनिंगवाले करारात 'लवाद आम्हीच नेमू' असं लिहून घेतात. ज्याचा निकालात हितसंबंध आहे त्याने एकट्याने एकमेव लवाद नेमू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये सांगितलं आहे. त्या कलमावर विसंबू नका.

फी दोघांकडून निम्मी-निम्मी, आगाऊ. निकालानंतर फी मागितली की हरलेला म्हणतो, विकले गेले. तेवढ्यासाठी हा कडकपणा. खटला आधीच न्यायालयात असेल आणि रक्कम लहान असेल, तर लोकअदालतीत वेगळी फी लागत नाही. तिकडेच जा, आम्ही वाईट वाटून घेणार नाही.

बोलणं अहिराणीत, लेवा बोलीत, कसंही चालेल. निवाडा मराठीत लिहून मिळेल. येताना काट्याच्या पावत्या, सौद्याची चिठ्ठी, बँकेचा उतारा यांच्या दोन-दोन प्रती आणा, एक समोरच्यासाठी.

आणि पुढचा सौदा परगावच्या व्यापाऱ्याशी करणार असाल, तर सहीआधी शेवटचं पान वाचा. सुनावणीचं ठिकाण दिल्ली लिहिलेलं असेल, तर वीस हजारांच्या वादासाठी दिल्लीला खेटे घालावे लागतील. लवादाचं कलम लेखीच हवं, आणि त्यात ठिकाण आपल्या जिल्ह्याचं. मसुदा घेऊन या, सायंकाळी 5 नंतर वाचून देतो. त्याचे पैसे घेत नाही.

— व्यवस्थापक