दीर्घकालीन शुश्रूषा विमा : हप्त्यावरील करवजावट (अमेरिका)

आंघोळ, कपडे घालणे, जेवणे, शौचाला जाणे, मलमूत्रावर ताबा ठेवणे आणि पलंगावरून उठून खुर्चीत बसणे, या सहा क्रियांपैकी किमान दोन क्रिया माणसाला 90 दिवस किंवा त्याहून अधिक काळ आधाराशिवाय जमणार नाहीत किंवा स्मृतिभ्रंशामुळे त्याच्यावर सतत लक्ष ठेवावे लागेल, असे वैद्यकीय तज्ज्ञाने प्रमाणित केले की या विम्याचे पैसे मिळू लागतात. अमेरिकेत वृद्धांसाठीची मेडिकेअर योजना रुग्णालयाचा खर्च उचलते, पण नुसत्या सांभाळण्याचा उचलत नाही. गरिबांसाठीची मेडिकेड योजना तो उचलते, पण बहुतेक जमापुंजी संपल्यावर. या दोहोंच्या मधे अडकलेल्या लोकांनी विमा घ्यावा म्हणून 1996 च्या ‘हिपा’ या आरोग्यविमाविषयक कायद्याने त्याच्या हप्त्याला वैद्यकीय खर्चाचा दर्जा दिला, म्हणजे तो करपात्र उत्पन्नातून वजा करण्याची सोय केली. 1997 पासून ही वजावट लागू आहे.

पॉलिसी मात्र कायद्याच्या निकषांत बसणारी, म्हणजे ‘पात्र’ असावी लागते. 1997 पूर्वीच्या बहुतेक पॉलिसी तशाच पात्र धरल्या जातात. शिवाय वजावट वयानुसार ठरलेल्या कमाल रकमेपर्यंतच मिळते. 2025 सालासाठी ही मर्यादा 40 वर्षांपर्यंत 480 डॉलर, 41 ते 50 वयाला 900, 51 ते 60 ला 1,800, 61 ते 70 ला 4,810 आणि त्यापुढे 6,020 डॉलर आहे. वर्षाच्या अखेरीस असलेले वय धरतात. पतिपत्नींना आपापली मर्यादा स्वतंत्रपणे मिळते.

खरी अडचण पुढे आहे. एकूण वैद्यकीय खर्चातला समायोजित सकल उत्पन्नाच्या (एकूण उत्पन्नातून काही ठरावीक रकमा वगळून उरलेल्या उत्पन्नाच्या) 7.5 टक्क्यांवरचा भागच वजा होतो. समजा, 65 वर्षांच्या एका निवृत्त बाईंचे असे उत्पन्न 60,000 डॉलर आहे. त्या 6,000 डॉलर हप्ता भरतात, पण त्यातले 4,810 च धरले जातात. औषधोपचाराचे 3,000 मिळवले की 7,810 झाले. त्यातून 4,500 गेले, उरले 3,310. तेही तपशीलवार वजावटी, म्हणजे एकेक खर्च वेगळा दाखवून, मांडल्या तरच, आणि त्यांची बेरीज सरसकट मिळणाऱ्या प्रमाणित वजावटीपेक्षा जास्त भरली तरच उपयोगाचे. 2025 साली एकट्या व्यक्तीची प्रमाणित वजावट 15,750 डॉलर आहे आणि ज्येष्ठांना त्याहून अधिक मिळते, त्यामुळे या बाईंच्या हाती बहुधा काहीच लागत नाही. ज्यांच्यासाठी सवलत आणली त्या साधारण उत्पन्नाच्या वृद्धांनाच ती सहसा मिळू नये, हा या तरतुदीतला मोठा दोष आहे.

स्वयंरोजगार करणाऱ्यांना 7.5 टक्क्यांची अट नाही; वयाच्या मर्यादेपर्यंतचा हप्ता ते थेट उत्पन्नातून वजा करू शकतात, मात्र ती रक्कम व्यवसायाच्या नफ्याहून जास्त असून चालत नाही. उपचारांसाठी करमुक्त पैसे साठवण्याच्या आरोग्य बचत खात्यातूनही त्याच मर्यादेत हप्ता भरता येतो. न्यूयॉर्कसारखी काही राज्ये आपल्या करात वेगळी सूट देतात.

आईवडिलांचा अर्ध्याहून अधिक खर्च उचलणारी मुले त्यांचा हप्ता आपल्या वैद्यकीय खर्चात धरू शकतात. तिथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनी एक अट लक्षात ठेवावी: आईवडील अमेरिकेचे नागरिक वा करदृष्ट्या रहिवासी, किंवा कॅनडा-मेक्सिकोचे रहिवासी असावे लागतात. पुण्यात वा नागपुरात राहणाऱ्या, भारतीय नागरिक असलेल्या आईवडिलांवरचा खर्च यात बसत नाही.